रूट कॅनल झाल्यावर काय करायचं: जबडा बधिर असल्यापासून कॅप बसेपर्यंत

मी नागपुरात धंतोलीत एका दाताच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसते, म्हणजे अपॉइंटमेंट देणं, फाइली काढणं, पैसे घेणं आणि दिवसभर फोन उचलणं. डॉक्टर नाही हे आधीच सांगून ठेवते, गोळ्यांचं तुमच्या चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच खरं. पण रूट कॅनलनंतर लोकांना काय काय होतं आणि लोक घरी जाऊन काय काय करून बसतात हे ऐकून ऐकून पाठ झालंय. बहुतेकांना भीती वाटते ती त्या खुर्चीची, सुईची, मशीनच्या आवाजाची. तिथे फारसं काही बिघडत नाही हो. बिघडतं ते दुखणं थांबल्यावर, काहून की ठणका गेला की पेशंट गायब होतो आणि चार-सहा महिन्यांनी अर्धी दाढ कागदात गुंडाळून घेऊन येतो. म्हणून कॅपबद्दलचा, म्हणजे दातावर शेवटी जे टोपण बसवतात त्याबद्दलचा, भाग सोडू नका, बाकी पाहिजे तर घाईघाईत वाचा.

नस काढली तर दुखून काहून राहिलं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. दाताच्या आत एक मऊ गर असतो, त्यात नस आणि रक्तवाहिन्या असतात. कीड तिथपर्यंत पोचली की तो गर सुजतो, मग सडतो. डॉक्टर वरून भोक पाडून बारीक फायलींनी (सुईसारख्या बारीक कानशी) तो काढून टाकतात, मुळातल्या नळ्या सोडियम हायपोक्लोराइटने धुतात (तोंडात तो क्लोरीनसारखा वास येतो ना, तो त्याचाच) आणि शेवटी गटापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ भरून नळ्या बंद करतात. म्हणजे दाताच्या आतली नस गेली. पण दात ज्या पातळ पडद्याने जबड्याच्या हाडाला धरलेला असतो तो पडदा जिवंतच आहे, आणि मुळाच्या टोकाजवळचं हाड आधीच इन्फेक्शनने सुजलेलं होतं, त्यात आता औजारं फिरली. ते सगळं शांत व्हायला वेळ लागतो. दुखणं आहे म्हणजे रूट कॅनल फसलं असं लगेच धरून चालू नका.

पहिले काही तास: बधिरपणा

खालच्या दाढेला सुई दिली असेल तर ओठ, जीभ, अर्धी हनुवटी सगळं सुन्न होतं आणि ते उतरायला ३ ते ५ तास सहज लागतात. वरच्या दाताचं सहसा लवकर उतरतं. या वेळात खायचं नाही, कारण गाल नि जीभ चावली गेली तरी तुम्हाला कळणारच नाही, आणि उतरल्यावर दाढेपेक्षा ती जखमच जास्त दिवस त्रास देते. लहान मुलं तर ओठ गमतीने चावत बसतात, घरी नेल्यावर त्यांच्याकडे बघत राहा, संध्याकाळी ओठ सुजून इतका मोठा होतो की आई घाबरून फोन करते.

गरम चहाही नाही. दवाखान्यातून निघाले की बाजूच्याच टपरीवर चहा मारणारे खूप आहेत, आणि तर्री पोहे खाऊन आलेलेही पाहिले. बधिर तोंडात तर्रीचा चटका कळत नाही, नंतर टाळूची साल निघते. साधं पाणी प्या, घोट घोट, दुसऱ्या बाजूने. ओठाला मुंग्या यायला लागल्या की समजा उतरून राहिलं.

शुगरवाल्यांसाठी वेगळं सांगते. इन्सुलिन किंवा गोळी घेतली आणि तोंड बधिर म्हणून जेवण पुढे ढकललं, असं करू नका, शुगर खाली येते. शक्यतो जेवून-गोळी घेऊन मगच खुर्चीत बसायचं. आणि तरी वेळ आलीच तर दूध, ताक, पातळ लापशी असं काहीतरी चमच्याने दुसऱ्या बाजूने घ्या.

बधिरपणा दुसऱ्या दिवशी सकाळीही तसाच असेल तर डॉक्टरांना फोन करा. घाबरायचं नाही, पण सांगायचं.

पहिली रात्र आणि पहिले दोन-तीन दिवस

बधिरपणा उतरल्यावर ठणका सुरू होतो. पहिल्या २४ ते ४८ तासांत तो सगळ्यात जास्त असतो, मग उतरत जातो. ज्यांची दाढ आधीपासून खूप दुखत होती, रात्र रात्र जागून काढलेली, त्यांना नंतरही जरा जास्त दुखतं. दात दाबला की दुखणं, ठोकल्यासारखं लागणं हे आठवडा-दहा दिवस राहू शकतं. मी फोनवर लोकांना एकच विचारते, की कालच्यापेक्षा आज कमी आहे का? कमी असेल तर थांबा. तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त असेल तर या.

डॉक्टरांनी सांगितलं असेल तर पहिली पेनकिलर बधिरपणा पूर्ण उतरायच्या आधीच घ्यायची, ठणका डोक्यात चढल्यावर घेतली तर तिला पकडायला वेळ लागतो. दाताच्या दुखण्याला आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल हे दोन्ही मिळून चांगलं काम करतात. कॉम्बिफ्लाममध्ये तेच दोन्ही आहेत, ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आणि ३२५ पॅरासिटामॉल. म्हणून कॉम्बिफ्लाम सुरू असताना अंग गरम लागलं म्हणून वरून क्रोसिन, मग डोकं दुखलं म्हणून डोलो, असं करत गेलं की पॅरासिटामॉल मोजण्याच्या बाहेर जातं. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही शेवटची हद्द, लिव्हरचा त्रास असणाऱ्यांना किंवा रोज दारू घेणाऱ्यांना त्याच्याही बरंच खाली. काही डॉक्टर केटोरोल डीटी देतात, ती भारी गोळी आहे, लिहिल्यापेक्षा एकही जास्त घ्यायची नाही आणि ५ दिवसांच्या वर तर नाहीच, आणि तिच्यासोबत आयब्युप्रोफेन पण घ्यायचं नाही. गोळी रिकाम्या पोटी नको, केळं किंवा दोन चमचे दहीभात पोटात जाऊ द्या.

कोणी स्वतःच्या मनाने आयब्युप्रोफेन घ्यायचं नाही ते ऐका: पोटात अल्सर असलेले, किडनीचा त्रास असलेले, पेनकिलरने दम लागणारे अस्थमावाले, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू असलेले, आणि गरोदर बाया. आपल्याकडच्या हवामानामुळे अजून दोन. पावसाळ्यात नागपुरात डेंग्यूची साथ येते, दाताचं झालं आणि नेमका जोराचा ताप आला तर दाताचीच गोळी दाबून घेऊ नका, डेंग्यूमध्ये आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो, आधी रक्त तपासा. आणि मे महिन्यात, पारा ४५च्या पुढे असताना, तोंड दुखतं म्हणून पाणी कमी प्यायलं आणि वरून ह्या गोळ्या खाल्ल्या तर किडनीवर ताण येतो. माठातलं पाणी पीत राहा.

आता ते घरगुती. लवंगेचं तेल लोकांना फार आवडतं. बाप्पा, नस तर काढून टाकली ना, आता ते कुठे लागणार? हिरडीवर पडलं की हिरडी भाजते तेवढं. ॲस्पिरिनची गोळी दाढेपाशी दाबून ठेवणारे अजून आहेत, दुसऱ्या दिवशी गाल आतून पांढरा फटक झालेला असतो. कोमट पाणी-मीठ मात्र खरंच चांगलं, पेलाभर कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ, दिवसातून तीन-चारदा, हळू गुळण्या. दात काढल्यावर पहिले २४ तास गुळण्या करायच्या नसतात तसं इथे नाही, बधिरपणा उतरला की सुरू करा.

गालावर थोडी सूज वाटली तर पहिल्या दिवशी बर्फ, फडक्यात गुंडाळून, १५ मिनिटं ठेवायचा, मग १५-२० मिनिटं काढायचा. सुजलेल्या गालावर बाहेरून गरम शेक अजिबात नको. आजी पिशवी घेऊन आलीच तर प्रेमाने परत पाठवा. सूज नाही आणि नुसता जबडा आखडलाय, तोंड पूर्ण उघडत नाही, असं असेल तर ते सुईमुळे किंवा तास-दीड तास तोंड उघडं ठेवल्यामुळे असतं. तिथे दुसऱ्या दिवसापासून कोमट शेक चालतो, आणि हळूहळू तोंड उघड-बंद करत राहायचं. झोपताना एक उशी जास्त घ्या, डोकं वर असलं की ठणका कमी होतो.

"मॅडम, अँटिबायोटिक नाही दिलं?"

जवळजवळ रोज. चिठ्ठीवर अँटिबायोटिक नसलं की लोकांना वाटतं ट्रीटमेंट अर्धीच झाली. उलट आहे. गर सडलाय म्हणजे तिथे रक्तपुरवठाच नाही, गोळी तिथपर्यंत पोचणार कशी? आतली घाण काढून नळ्या साफ करणं हाच इलाज, आणि तो तर करून झाला. सूज पसरत असेल, ताप असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल तर डॉक्टर देतात, आणि दिलं तर जितके दिवस लिहिलंय तितके दिवस घ्यायचं. मेडिकलवाल्याकडून मागच्या वेळचंच पान आणून सुरू करू नका. मेट्रोनिडॅझोल लिहिलं असेल तर त्या काळात आणि संपल्यावर २-३ दिवस दारू नको, उलट्या नि धडधड होते.

दात उंच लागून राहिला

हे फार कमी लोकांना माहीत असतं आणि याच्यावर उपाय दोन मिनिटांचा आहे. फिलिंग केल्यावर डॉक्टर निळा कागद दाताखाली ठेवून "चावा" म्हणतात. तुमचा अर्धा जबडा बधिर, तुम्हाला काय कळणार नीट चावलं की वाकडं. घरी जाऊन बधिरपणा उतरला की दात मिटताना आधी तीच एक दाढ टेकते. मग प्रत्येक घासाला, प्रत्येक वेळी थुंकी गिळताना त्या आधीच सुजलेल्या पडद्यावर मार बसतो आणि दुखणं कमी व्हायचं नाव घेत नाही. महाल भागातले एक काका असेच आठवडाभर पेनकिलर खात बसले, रूट कॅनल बिघडलं म्हणून दुसऱ्या डॉक्टरची चौकशीही करून ठेवली होती, आणि शेवटी आले तेव्हा निळा कागद ठेवला तर दाढेच्या एकाच टोकावर गडद ठिपका. डॉक्टरांनी तेवढं घासलं. काकांनी उठून दोनदा दात आपटून पाहिले आणि "एवढंच होतं का बे" म्हणाले.

घरी ओळखायचं कसं? सरळ बसा, जीभ सैल सोडा, दात हळू मिटा. दोन्ही बाजू एकदम टेकल्या पाहिजेत. एकच दात आधी टेकत असेल तर फोन करून सांगा, बहुतेक दवाखाने यासाठी वेगळे पैसे घेत नाहीत. स्वतः कानशीने घासू नका. हसू नका, केलंय एकाने.

टेम्पररी फिलिंग सांभाळायचं

रूट कॅनल एका सीटिंगमध्ये झालं नसेल तर मधल्या काळात आत औषध भरून, बहुतेक वेळा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, वरून टेम्पररी सिमेंट लावतात. हे तोंडातल्या ओलाव्यानेच कडक होतं, त्यामुळे पहिला तासभर त्या बाजूला काहीच नको. नंतरही ते पक्कं नसतंच. वरचा थर थोडा झिजला, खडबडीत लागलं, जिभेला छोटा खड्डा लागला तर काही होत नाही. पण पूर्ण निघून आलं आणि भोक उघडं पडलं तर त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी लावून घ्या, काहून की ज्या नळ्या डॉक्टरांनी तासभर बसून साफ केल्या त्यात आता थुंकी जाऊन राहिली. रविवार आहे म्हणून कापूस कोंबून ठेवू नका, तो आतच सडतो. जेवल्यावर गुळणी करायची, त्या बाजूने चावायचं नाही, एवढं पुरे.

आणि ते टेम्पररी आहे. नावातच आहे, तरी लोक दोन-दोन महिने त्याच्यावर काढतात. एक-दोन आठवड्यांसाठीच असतं ते, तीन-चार आठवड्यांच्या पुढे कडेने झिरपायला लागतं. लग्नाचा सीझन, गावची शेती, मुलांच्या परीक्षा, कारणं खरी असतात सगळी, पण आतलं इन्फेक्शन थांबत नाही ना.

दोन सीटिंगच्या मध्ये अचानक जोरात सूज आणि ठणका उठणं, याला डॉक्टर फ्लेअर-अप म्हणतात, थोड्या पेशंटना होतं. डॉक्टरची चूकच असते असं नाही. फोन करा, ते उघडून साफ करतात, चावा कमी करतात, औषध बदलतात.

खायचं काय

पहिले दोन-तीन दिवस मऊ. खिचडी, वरणभात, दहीभात, कढीभात, वरणात चुरलेली पोळी, आलूचा भरता, इडली, शिरा, उपमा, केळं. गोळाभातातला गोळा मऊ असेल तर कुस्करून चालतो, पण वरून तळलेल्या मिरच्या बाजूला ठेवा. झुणका चालतो, भाकर वाळलेली असेल तर दुधात नाहीतर वरणात भिजवून. संत्रा बर्फी मऊ असली तरी चिकट, टेम्पररीला धरून ओढते.

सावजीचं विचारतात लोक. तिखटाने रूट कॅनलला काही होत नाही, आत जायला त्याला रस्ताच नाही. पण सुई टोचलेली जागा नि क्लॅम्प (काम करताना दातावर लावतात तो चिमटा) लावलेली हिरडी चार दिवस हुळहुळी असते, तिथे सावजीचा रस्सा लागला की डोळ्यातून पाणी येतं. आणि मटणाची नळी चोखायची, हाड फोडायचं, ते कॅप बसेपर्यंत तर नाहीच नाही. तसंच फुटाणे, फल्लीदाणे, भाजलेलं कणीस, चिक्की, बर्फाचे खडे. भाताच्या घासात एक खडा आला तरी दाढ उभी चिरते, तुम्हाला गंमत वाटून राहिली असेल, मी एक्स-रे पाहिलेत.

थंड पाण्याचं पण सांगून ठेवते. रूट कॅनल झालेल्या दाताला थंड-गरम कळतच नाही, आत नस नाही. थंड पाणी प्यायल्यावर झणझणून लागत असेल तर बाजूच्या दाताला पाहा, तिथे कीड असेल नाहीतर हिरडी सरकली असेल. "रूट कॅनल करूनही थंड लागतं" म्हणून आलेल्या कित्येकांची शेजारची दाढ सापडते. क्वचित एखादी नळी सुटलेली असते, वरच्या पहिल्या दाढेला चौथी बारीक नळी असते ती कधी कधी हाताला लागत नाही, ते डॉक्टरच तपासून सांगतील.

खर्रा

हे वेगळं लिहावं लागतं, काहून की आपल्या विदर्भात हे टाळून दाताबद्दल बोलताच येत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना, मात्र कोपऱ्याकोपऱ्यावर पन्नीत घोटला जातो. दाढ दुखते म्हणून पहिला इलाज खर्रा, गालात दाबून ठेवायचा, थोडं सुन्न वाटतं. रूट कॅनल झाल्यावर खुर्चीतून उठता उठता विचारतात, "खर्रा किती वेळाने चालेल?"

सरळ उत्तर: आज नाही, आणि सुटत असेल तर कधीच नाही. भाषण देत नाही, कारणं सांगते. सुपारी दगडासारखी कडक असते, आणि रूट कॅनल झालेली पण कॅप नसलेली दाढ तिच्यावर चालवली तर टोक तुटणार. चुन्याने सुई दिलेली जागा चरचरते. तंबाखूमुळे हिरडीचा नि हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, मुळाच्या टोकाचं हाड भरायला वेळ लागतो. आणि वर्षानुवर्षं सुपारी चघळून गालाची आतली कातडी कडक होते, तोंड उघडणं कमी होत जातं. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात मावतात का पाहा. मावत नसतील तर हे दाताच्या डॉक्टरांना आजच दाखवा. एक तर तो आजार पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो, आणि दुसरं, तोंडच उघडलं नाही तर मागच्या दाढेपर्यंत फाइल पोचत नाही, रूट कॅनल करायचं म्हटलं तरी होत नाही. ज्यांना एकदम सोडणं जमत नाही त्यांनी डॉक्टरांशी मोकळं बोला, निकोटिनचे च्युइंगम मिळतात, पण कॅप बसेपर्यंत ते सुद्धा दुसऱ्या बाजूने.

ब्रश

करायचा. त्याच रात्री, त्या दातालाही, मऊ ब्रशने हळू. दात झाकून ठेवला, ब्रश लावलाच नाही, म्हणून हिरडी सुजून येते आणि लोकांना वाटतं दाताचंच दुखणं वाढलं. फ्लॉस (दातांच्या फटीत फिरवायचा दोरा) वापरत असाल तर टेम्पररी असताना तो वरून न ओढता बाजूने सरकवून काढा. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश दिलं असेल तर पेस्टनंतर अर्धा तास थांबून घ्या आणि दोन आठवड्यांच्या वर स्वतःहून चालू ठेवू नका, दात तपकिरी पडतात, चहावाल्यांचे तर लवकरच.

कधी वाट पाहायची नाही

सूज डोळ्याकडे चढतेय किंवा जबड्याखाली, मानेकडे उतरतेय. गिळताना अडतंय, थुंकी गिळता येत नाही, आवाज बदललाय, जीभ वर उचलल्यासारखी झालीय, श्वास घ्यायला त्रास होतोय. ताप आणि थंडी वाजतेय, सुजेसोबत तोंड उघडेनासं झालंय. औषध घेतल्यावर अंगावर पित्त उठलंय किंवा ओठ-चेहरा सुजलाय. यातलं काही झालं तर दवाखाना सकाळी उघडेल म्हणून बसू नका, रात्री दोन वाजता पण मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीला जा, मिहानकडे राहत असाल तर एम्स जवळ पडेल. दाताचं इन्फेक्शन मानेत उतरलं तर श्वासाची नळी दाबली जाते, हे भीती दाखवायला नाही सांगून राहिले.

गालावर निळंजांभळं दिसलं तर ते बहुतेकदा सुईचं असतं, आठवड्यात जातं. पण ट्रीटमेंट सुरू असतानाच अचानक भयंकर आग होऊन गाल झटकन सुजला असेल तर ते धुवायचं औषध मुळाबाहेर गेलेलं असू शकतं, ते तिथल्या तिथे डॉक्टरांना सांगा, घरी येईपर्यंत थांबू नका. आणि वरच्या दाढेचं केलं म्हणून डोळा अधू होतो, हे काही खरं नाही, चष्म्याचा नंबर वाढला तर डोळ्याच्या डॉक्टरकडे जा.

कॅप

आता मुद्द्यावर आले. दुखणं गेलं, दाढ शांत, माणूस म्हणतो आता कॅपचा खर्च काहून करायचा, चालून राहिलं ना.

दाढेचं काय झालंय ते डोळ्यासमोर आणा. किडीने आधीच एक भिंत खाल्लेली, रूट कॅनलसाठी वरचं छत काढलेलं, उरल्या त्या बाजूच्या पातळ भिंती. चावताना त्या बाहेरच्या बाजूला वाकतात. रोज थोड्या थोड्या. शिवाय आतली नस नसल्याने दाब किती पडतोय याचा अंदाज कमी येतो, तुम्ही नकळत जास्त जोराने चावता. मग एक दिवस साध्या पोळीवर सुद्धा भिंत तुटते. चीर हिरडीच्या वर असेल तर दात वाचतो, हाडाच्या खाली मुळापर्यंत गेली तर काढावाच लागतो. म्हणजे रूट कॅनलचे पैसे गेले, दात गेला, आणि वरून इम्प्लांटचा नाहीतर ब्रिजचा खर्च. कॅप त्या भिंतींना बाहेरून घट्ट धरून ठेवते, तिचं काम तेवढंच आहे आणि म्हणूनच ती टाळायची नाही.

दाढा आणि उपदाढा यांना कॅप जवळजवळ नेहमीच लागते, वरच्या उपदाढा तर उभ्या चिरण्यात पटाईत. समोरच्या दाताचं फक्त मागून छोटं भोक पाडलं असेल आणि बाकी दात शाबूत असेल तर नुसत्या फिलिंगवर भागू शकतं. डॉक्टरांना विचारा, "कॅप लागेलच का" असं विचारण्यात काही वाईट नाही. समोरचा दात पुढे काळपट पडला तर आतून ब्लीच करता येतो.

किती दिवसांत? दुखणं-सूज गेली, पक्कं फिलिंग झालं की साधारण दोन ते चार आठवड्यांत. लवकर चालतं, उशीर नको. दात फारच कमी उरला असेल तर आधी मुळात पोस्ट (बारीक खुंटी) बसवून वर गाभा उभा करतात, मग कॅप. माप घेताना त्या दाताला आत काही कळत नाही, फक्त हिरडीला थोडं लागतं, त्यामुळे खुर्चीची भीती असेल तर ही सीटिंग सगळ्यात सोपी.

कॅपच्या प्रकारावरून लोक फार गोंधळतात. पूर्ण मेटलची कॅप दिसायला चांदीसारखी, पण मजबूत, पातळ असते म्हणून दात कमी घासावा लागतो आणि सगळ्यात मागच्या दाढेला मस्त. मेटलवर सिरॅमिक असलेली मधल्या खर्चाची, कधी कधी वरचा सिरॅमिकचा टवका उडतो आणि पुढे हिरडीशी काळी रेघ दिसू शकते. झिरकोनिया महाग, दाताच्या रंगाची, आणि चांगली टिकते. मागच्या दाढेसाठी नुसतं दिसण्यापायी सगळ्यात महागडी घ्यायची गरज नाही असं माझं मत, आमच्या डॉक्टरांना हे आवडणार नाही कदाचित. पैशाची खरंच अडचण असेल तर मेडिकल चौकातल्या गव्हर्मेंट डेंटल कॉलेजला चौकशी करा, हिंगणा रोडकडे प्रायव्हेट डेंटल कॉलेजं आहेत, तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली करतात, खर्च कमी, फक्त वेळ हाताशी ठेवा, चकरा जास्त होतात. काहीच नाही जमलं तर निदान डॉक्टरांना सांगा की कॅप उशिरा होईल, ते दाढेची टोकं कमी करून, पक्कं फिलिंग करून तिला थोडा आधार देऊ शकतात. न सांगता गायब होऊ नका.

कॅप बसल्यावर त्या दिवशी कडक-चिकट नको, सिमेंट नीट पकडू द्या. दोन दिवसांनी उंच लागली तर परत निळ्या कागदासाठी या. आणि कॅपला कीड लागत नाही पण तिच्या खालच्या कडेला, हिरडीजवळ जो दात उघडा असतो त्याला लागते, आत नस नसल्याने दुखत नाही, कळतं तेव्हा कॅपसकट दात हातात आलेला असतो. कडेला ब्रश रोज, नीट.

नंतरचा एक्स-रे आणि निघालेली कॅप

मुळाच्या टोकाला एक्स-रेवर काळा डाग असेल तर तो रूट कॅनल झाल्याबरोबर जात नाही, हाड हळूहळू भरतं, काही महिने लागतात, क्वचित तीन-चार वर्षंसुद्धा. म्हणून एक वर्षाने तरी एक एक्स-रे काढून जुन्याशी लावून पाहायचा असतो. जुने एक्स-रे फेकू नका, मोबाइलमध्ये फोटो काढून दाताचं नाव नि तारीख टाकून ठेवा, डॉक्टर बदलला तरी कामी येतात. मधेच हिरडीवर पुटकुळी आली, फुटली, परत आली, तोंडाला घाण चव आली, तर दुखत नसलं तरी दाखवा, पू बाहेर यायला वाट सापडली म्हणूनच ते दुखत नाही. रूट कॅनल परत करता येतं, नाहीतर छोट्या ऑपरेशनने मुळाचं टोक कापून साफ करता येतं, लगेच दात काढायची वेळ येत नाही.

आणि कॅप निघाली, जी बहुतेक वेळा दिवाळीतल्या करंजीच्या चिकट सारणात नाहीतर चिक्कीत निघते, तर गिळू नका, धुवून एखाद्या छोट्या डबीत ठेवा आणि एक-दोन दिवसांत घेऊन या, बहुतेकदा तीच परत बसते. फेव्हीक्विक लावू नका. वाकडी चिकटते, हिरडी भाजते, आणि मग ती काढताना कॅप कापावी लागते, म्हणजे नवीन कॅपचे पैसे. तोपर्यंत त्या बाजूने चावायचं नाही, आणि फोन करताना कोणती दाढ, कधी बसवलेली एवढं सांगा, मला फाइल शोधायला बरं पडतं.